टायर झिजले नव्हते, म्हातारे झाले होते

पावसाची पहिली सर येऊन पाच-सात मिनिटं झाली असतील. रस्ता पुरता भिजलाही नव्हता, नुसता काळा चकचकीत झाला होता. पुढचा सिग्नल पिवळ्याचा लाल झाला आणि मी ब्रेक दाबला. वेग चाळीसच्या आसपास. पायाखाली पेडल थरथरलं, खरखर आवाज आला, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारं एबीएस कामाला लागलं होतं. गाडी मात्र आपल्या मर्जीने, अगदी सरळ, पुढे जात राहिली. थांबायची रेघ गेली, झेब्रा क्रॉसिंगचे दोन पट्टे गेले, तिसऱ्यावर ती थांबली. रस्ता ओलांडणारा एक माणूस बॉनेटपासून हातभर अंतरावर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, छत्री नीट केली आणि काही न बोलता निघून गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मला वाटलं, ब्रेक गेले. गॅरेजवाल्याने चारही चाकं काढून पाहिली. पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक, डिस्क व्यवस्थित, ब्रेक ऑइल ठीक. हात पुसत म्हणाला, "ताई, ब्रेक चाकाला धरतो. रस्त्याला धरायचं काम टायरचं."

"मग टायर बदलू?"

"टायरला काय झालंय? नक्षी भरपूर आहे. अजून दहा-पंधरा हजार सहज जातील."

दोन्ही वाक्यं एकाच माणसाची, एकाच मिनिटातली. त्याचं चुकतही नव्हतं. आपण सगळेच टायरची तब्येत नक्षीवरून ठरवतो. पण गाडी तर घसरली होती.

घरी येऊन मी खाचांची खोली मोजायचा छोटा गेज आणला. पुढच्या चाकांच्या खाचा ३.८ मिलिमीटर, मागच्या ५.१. नवा टायर साधारण ७ ते ८ मिलिमीटरचा असतो. खाचेच्या तळाशी जागोजागी रबराचे आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. ती पातळी १.६ मिलिमीटरची. त्या हिशेबाने माझे टायर मध्यमवयीन म्हणावेत असे. ओल्या रस्त्यावर १.६ ची वाट पाहू नये, तीनच्या आसपास आले की विचार करावा, असं जाणकार सांगतात, पण मी तिथवरही पोचले नव्हते.

मग टॉर्च घेऊन चाकाशेजारी बसले. खाचेच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा दिसल्या. सरळ बघितलं तर काही नाही, पण अंगठ्याने रबर जरा ताणलं की जाळं उघडायचं. टायरच्या बाजूवर, रिमच्या जवळही तसंच. नक्षीच्या ठोकळ्यावर नख दाबलं. नख वाकलं, रबरावर खूणही उमटली नाही. शेजाऱ्यांनी महिन्यापूर्वी टायर बदलले होते. त्यांची परवानगी काढून तिथे नख दाबलं तर छान चंद्रकोर उमटली आणि हळूहळू भरून आली. रबराचा कडकपणा मोजायला शोर ए नावाचं माप असतं, त्याचं उपकरण असतं. माझ्याकडे नख होतं.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गंमत अशी की तारखेसह पूर्ण क्रमांक बरेचदा टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू नेमकी आत गेलेली असते. मी गाडीखाली अर्धी सरकून, गालाला चिखल लावून वाचलं: २३१८. सन २०१८ चा तेविसावा आठवडा. म्हणजे सात वर्षं उलटली होती आणि गाडी चालली होती ३४ हजार किलोमीटर.

रबर नुसतं उभं राहिलं तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन, ऊन आणि उष्णता त्याच्या मागे लागलेली असतात. आतली तेलं हळूहळू निघून जातात, रेणूंच्या साखळ्या एकमेकींत आणखी घट्ट गुंतत जातात, आणि लवचिक रबर कडक होतं. ओल्या रस्त्यावर पकड मिळते ती रबर डांबराच्या खडबडीत दाण्यांत क्षणभर रुतून, त्यांचा आकार घेऊन. कडक रबर रुतत नाही, दाण्यांच्या डोक्यांवरून निसटतं. खाचा पाणी बाहेर फेकतात, ते त्यांचं काम. धरायचं काम रबराचं. माझ्या टायरमध्ये खाचा धडधाकट होत्या आणि रबर निवृत्त झालं होतं. शिवाय पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि तेल मिसळून जो चिकट थर होतो, तो तर नव्या टायरलाही नकोसा असतो.

दादाला फोन केला. गाड्यांच्या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द त्याचा, निदान त्याची तशी समजूत आहे.

"सोपं आहे," तो म्हणाला. "रुंद टायर टाक. तुझे १८५ आहेत ना? २०५ टाक. गाडी रस्त्याला चिकटून चालेल."

"पाण्यात?"

"पाण्यात काय, कुठेही. रुंद म्हणजे जास्त रबर, जास्त रबर म्हणजे जास्त ग्रिप. साधं गणित आहे."

साधं गणित होतं म्हणून मी कागद घेतला. माझ्या टायरवर लिहिलंय १८५/६५ आर१५ ८८एच. रुंदी १८५ मिलिमीटर. बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, टायरच्या बांधणीचा प्रकार. रिम १५ इंच. बाजूची उंची आली १२०.२५, ती दोनदा आणि रिमचे ३८१ मिळून टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर. दादाचा २०५/६५ घेतला तर व्यास ६४७.५, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ ने पळत असेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत कुठे घासणार नाही याची हमी नाही. १९५/६५ ला फरक दोन टक्के. १९५/६० घेतला तर व्यास उलट एक टक्का कमी, हा एक बसण्यासारखा. पण माझी रिम साडेपाच इंच रुंद, आणि १९५ च्या टायरला ती चालते ती अगदी खालच्या टोकाला.

हे झालं मापाचं. पकडीचं काय? गाडीचं वजन अकराशे किलो धरलं तर एका चाकावर सरासरी २७५ किलो. टायरमधली हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला: साधारण १२० चौरस सेंटिमीटर. एका चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग एवढाच, आपल्या तळहाताएवढा. टायरच्या बाजूचा ताठपणाही थोडा भार घेतो, त्यामुळे आकडा ढोबळ आहे, पण मुद्दा कळतो. वजन तेच आणि हवा तीच, तर टायर रुंद केल्याने तो तळहात फारसा वाढत नाही, आखूड आणि रुंद होतो. वळणावर त्याचा फायदा असतो. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो लवकर तरंगायला लागतो. माझी भीती वळणाची नव्हती, सिग्नलची होती.

दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू फार विचार करतेस." हा त्याचा हरल्याचा कबुलीजबाब असतो.

तेव्हा माप तेच ठेवायचं ठरलं. ८८ हा भाराचा आकडा, एका टायरला ५६० किलोपर्यंत. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. यांपैकी काहीही गाडीला सांगितलंय त्याच्या खाली जायचं नाही, वर गेलेलं चालतं. राहिला प्रश्न कोणता टायर.

इथे माझे दोन आठवडे गेले, आणि त्यातले दहा दिवस वाया. लोकांची मतं वाचत बसले. एकाच टायरबद्दल एक म्हणतो लोण्यासारखा, दुसरा म्हणतो दगड. नंतर लक्षात आलं की पहिला माणूस जुने कडक टायर काढून नवे घालून आठवड्याने लिहितोय. सात वर्षांच्या टायरनंतर कोणताही नवा टायर लोणीच वाटणार. दुसरा लिहितोय तो चाळीस हजार किलोमीटर झाल्यावर. दोघेही खरं बोलतायत, पण टायरबद्दल नाही, त्याच्या वयाबद्दल.

टायर बनवणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: पकड, टिकाऊपणा, आणि सहज घरंगळणं म्हणजे मायलेज. एकाला वर ओढलं की दुसरी खाली येते. नव्वदच्या दशकात यात एक मोठा बदल झाला. काळ्या काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका वापरून मिशेलिनने १९९२ मध्ये कमी इंधन खाणारा टायर बाजारात आणला. सिलिकामुळे मायलेज आणि ओल्यातली पकड या दोन गोष्टी एकमेकींशी पूर्वीसारख्या भांडेनाशा झाल्या. भांडण मिटलं मात्र नाही. नव्या गाडीबरोबर येणारा टायर गाडी बनवणाऱ्याच्या मागणीनुसार बनलेला असतो आणि त्या मागणीत मायलेजचा आकडा बरेचदा वरच्या ओळीत असतो. तोच टायर पुन्हा घ्यायचा म्हणजे तीच निवड पुन्हा करायची, हे आधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी तीन टायर समोर ठेवले. पहिला, गाडीबरोबर आला होता तोच. दुसरा, शांत चालणारा आणि ओल्यात चांगला म्हणवणारा. तिसरा, मऊ रबराचा, जोरात चालवणाऱ्यांचा. एक चौथाही होता, खूप स्वस्त, पण त्याची कुठल्याही स्वतंत्र चाचणीत नोंद सापडली नाही. त्याला हात जोडले.

टायरवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा छापलेला असतो. संदर्भाचा टायर १०० धरून हा त्याच्या किती पट टिकेल, याचा तो अंदाज. पहिल्यावर ४२०, दुसऱ्यावर ३४०, तिसऱ्यावर २४०. मी खूश झाले, गणित सुटलं म्हणून. मग वाचलं की हा आकडा कंपनी स्वतःच चाचणी करून स्वतःच ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना ठीक, दोन कंपन्यांमध्ये फारसा भरवसा नाही. शेजारी ट्रॅक्शनचं अक्षर असतं: डबल ए, ए, बी, सी. ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारल्यावरच्या पकडीचं. वळणाबद्दल ते काही सांगत नाही, साचलेल्या पाण्याबद्दलही नाही. माझ्या कामाचं तेवढंच होतं, सरळ रेषेतलं.

त्याहून उपयोगी पडलं ते युरोपातलं लेबल. १ मे २०२१ पासून तिथे नव्या रूपातलं लेबल लागू आहे: इंधन आणि ओली पकड या दोन्हींना ए ते ई श्रेणी, आणि आवाज डेसिबलमध्ये. पण एक ठेच लागलीच. दुसऱ्या टायरला ओल्या पकडीत ए मिळालाय हे वाचून मी जवळजवळ ठरवलंच होतं, मग दिसलं की तो ए सतरा इंची मापाला आहे. त्याच नावाच्या, त्याच नक्षीच्या माझ्या मापाला बी. लेबल नावाला मिळत नाही, नाव अधिक मापाला मिळतं. पहिल्याला माझ्या मापात सी होता, इंधनात मात्र तो सरस. तिसऱ्याला ए.

आता पैशाचा हिशेब. पहिल्याची किंमत १०० धरली तर दुसऱ्याची ११५, तिसऱ्याची १५०. दुकानदारांच्या आणि वापरणाऱ्यांच्या अंदाजाने पहिला ६० हजार किलोमीटर जातो, दुसरा ४५, तिसरा ३०. हजार किलोमीटरमागे पहिला पडतो १.६७ ला, दुसरा २.५६ ला, तिसरा ५ ला. पहिला दणदणीत जिंकला. किफायत म्हणून सगळीकडे हाच हिशेब सांगतात, आणि मी वही मिटून झोपले.

रात्री कधीतरी जाग आली आणि वाटलं, पण मी ६० हजार चालवणार कधी?

सात वर्षांत ३४ हजार. वर्षाला पाच हजारांच्या आत-बाहेर. पहिला टायर झिजवायला मला बारा वर्षं लागतील, आणि सातव्या वर्षी तर तो नखाला दाद देणार नाही. त्यातले २५ हजार किलोमीटर मी पैसे देऊन विकत घेणार आणि भंगारात टाकणार. मग पुन्हा वही. सात वर्षं आणि ३४ हजार ही मर्यादा धरून भागाकार केला: पहिला २.९४, दुसरा ३.३८, तिसरा ३० हजारांतच संपणार म्हणून ५ च. पहिल्या आणि दुसऱ्यातला दीडपटीचा फरक पंधरा टक्क्यांवर आला होता. आणि दुसऱ्याला नक्षी संपायच्या आत वय संपणार, म्हणजे त्याच्या खाचा कायम बऱ्यापैकी खोल राहणार, हा वरचा फायदा.

रोज शंभर किलोमीटर चालवणाऱ्याने माझं ऐकू नये. त्याचा टायर वय व्हायच्या आत झिजतो, त्याला पहिलाच हिशेब खरा. पण शेजारपाजारी पाहिलं तर निम्म्या गाड्या माझ्यासारख्याच आठवड्यातून चार दिवस उभ्या असतात, आणि त्यांचे मालक जास्त किलोमीटरची हमी बघून टायर घेतात.

दुकानात गेले. दुसऱ्या टायरचे चार हवेत म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "मागचे दोन चांगले आहेत की. पुढचे दोनच टाका." हिशेबी सल्ला होता, त्याचंच नुकसान करणारा, म्हणून मी नीट ऐकला. पण मागचेही त्याच आठवड्यात जन्मलेले. आणि दोनच घ्यायचे ठरले असते तरी नवे पुढे नाही, मागे लावायचे. पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की वेग कमी होऊन बहुतेक वेळा परत हातात येते. मागच्यांची सुटली तर शेपूट फिरतं, आणि ते सावरणं माझ्यासारखीच्या बसची बात नाही. हे त्याला माहीत होतं; म्हणाला, "बरोबर आहे, पण सांगितलं की लोक भांडतात. इंजिन पुढे आहे ना, म्हणतात."

टायर बाहेर आले. मी आधी तारीख शोधली. दोन ताजे, चार महिन्यांपूर्वीचे. दोन दीड वर्षापूर्वीचे.

"गोडाऊनमध्ये होते हो, ऊन-पाऊस काही नाही. नव्यासारखेच."

खोटं नव्हतं. थंड, अंधाऱ्या जागी ठेवलेला टायर फार हळू म्हातारा होतो. महिन्याला तीन हजार चालवणारी असते तर मी तेच घेतले असते. पण माझं घड्याळ किलोमीटरचं नाही, वर्षांचं. आणि एकाच गाडीला दोन वयाचे टायर का लावायचे? तो कुरकुरला, फोन केला, दुसऱ्या दिवशी चारही ताजे आले. तेवढ्यासाठी एक खेप पडली.

त्या मधल्या संध्याकाळी पाऊस पडला आणि आम्ही दोघांनी एक वेडेपणा केला. दादा आला होता. ओळखीची एक मोठी रिकामी आवारातली डांबरी जागा आहे, फाटक लावलं की आत कोणी नाही. तिथे एक वीट ठेवली, कारण खडूची रेघ पावसात टिकेना. विटेशी येताना काटा ४० वर, आणि वीट खिडकीशी आली की ब्रेक. तीन वेळा. दादाने पावलं मोजली: सतरा, अठरा, सतरा. त्याचं पाऊल पाऊण मीटरच्या जरा आत.

टायर बसताना मी तिथेच उभी राहिले. मशीनवर जुना टायर निघाला आणि पोराने तो जमिनीवर टाकला तर ठक्कन आवाज आला. नव्याच्या कडेला साबणाचं पाणी, मग हवा, मग एकामागून एक दोन फट्ट, म्हणजे कडा रिमवर बसल्या. नव्या टायरवर एक पिवळा ठिपका असतो, तो त्याचा सर्वांत हलका भाग. व्हॉल्व्ह ही रिमवरची जड जागा, म्हणून ठिपका व्हॉल्व्हसमोर आणायचा. पोरगा तीन चाकांना ते न विसरता करत होता. व्हॉल्व्हही नवे घातले, जुन्यांच्या मुळाशी तशाच चिरा होत्या. बॅलन्सिंगला, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करायला, तिन्ही चाकांना १५-२० ग्रॅमची वजनं लागली, चौथ्याला मशीनने ६५ ग्रॅम मागितले. तो वजनं चिकटवायला लागला.

"भाऊ, ठिपका कुठे आहे बघा ना."

ठिपका व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध होता. त्याने जीभ चावली, हवा सोडली, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवला. २० ग्रॅम. त्या चाकाने पुढे ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरलं नसतं कदाचित, पण पाऊण छटाक जास्तीचं शिसं घेऊन फिरण्याचं कारण नव्हतं.

अलाइनमेंटला पुढची चाकं किंचित बाहेर फाकलेली निघाली. डावा पुढचा टायर आतल्या काठाला जास्त का झिजला होता, ते तेव्हा कळलं. गेज मी मधोमध घातला होता, म्हणून मापात ते आलं नव्हतं. नवे टायर घालून अलाइनमेंट न करणाऱ्यांना मी आता काही बोलत नाही, पण बघते. नट त्यांनी हवेच्या गनने घट्ट केले, नंतर माझ्या विनंतीवरून टॉर्कच्या, म्हणजे मोजून जोर लावणाऱ्या, पान्याने. आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायला बोलावलं. नायट्रोजन भरू का, असंही विचारलं. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो म्हणून नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, हवा मोजली. चाळीस! कडा बसवायला जास्त भरतात आणि मग काढायची राहून जाते. गाडीच्या दाराच्या खांबावरच्या तक्त्यात ३२ आहे. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल याचा असतो, किती भरायची याचा नाही. पण पंपावर कितीतरी लोक तो वाचून भरताना मी पाहिलेत. चाळीसवर मी तशीच चालवत राहिले असते तर नव्या टायरचा मधला पट्टाच रस्त्याला जास्त लागला असता आणि मी टायरला नावं ठेवत बसले असते.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवली. साच्यातून निघताना टायरवर गुळगुळीत थर राहतो, तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. अंगावरचे रबराचे केसही हळूहळू गळाले. मग एका पावसाळी संध्याकाळी पुन्हा तीच जागा, तीच वीट, तोच दादा. तेरा, चौदा, तेरा. पाणी त्या दिवशीएवढंच होतं का, माहीत नाही; पाय तितक्याच जोराने पडला का, तेही नाही. तरी चार पावलं म्हणजे जवळपास तीन मीटर. झेब्रा क्रॉसिंगचे माझे पट्टे मी मनात मोजले.

मायलेज पडलं. लिटरमागे पाऊण किलोमीटर कमी दाखवतंय. पहिल्या महिन्यात जीव थोडा खट्टू झाला, मग परत कागद घेतला. झिजलेल्या पुढच्या टायरपेक्षा नव्याची नक्षी चार मिलिमीटर जास्त, म्हणजे व्यास आठ मिलिमीटर मोठा, सव्वा टक्का. चाक एका फेऱ्यात तेवढं जास्त अंतर जातं आणि मीटरला ते कळतच नाही, तो फेरेच मोजतो. म्हणजे पडलेल्या पाऊणपैकी थोडं खरं नाहीच. बाकीचं खरं आहे. खोल, मऊ नक्षी जास्त लवते आणि लवण्यात इंधन जातं. ते मी लेबल वाचून घेतलं होतं, आता तक्रार कुणाकडे? आवाज मात्र इतका कमी झालाय की डॅशबोर्डमधली एक जुनी करकर आता ऐकू येते, जी बहुधा कायमच होती.

गेल्या रविवारी दादा आला. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर नख दाबून पाहिलं, चंद्रकोर बघून मान हलवली. म्हणाला, "१८५ असून बरे दिसतायत." मग डिकी उघडली, गालिचा उचलला आणि स्टेपनीकडे बोट दाखवलं.

"आणि हिचं काय?"

हिचा जन्मही २३१८ चाच. एकदाही रस्त्याला न लागलेली, नक्षी पूर्ण आठ मिलिमीटर, अंगावर रबराचे केस अजून शाबूत. नख दाबलं, वाकलं. गेज लावला तर हवा चौदा.

आम्ही पंपावर निघालो.